कंप्रेसरवाल्या साहेबांस

आदरणीय कंप्रेसरवाले साहेब,


बारामती एमआयडीसीच्या मागच्या अंगाला, एका विहिरीच्या काठावर परवा आपल्या कारागिरीचं दर्शन घडलं. टायरमध्ये हवा भरायचा कंप्रेसर, त्याला फवारणीची पिवळी नळी, नळीच्या टोकाला पीव्हीसीचा एल्बो आणि दातांत धरता यावा म्हणून त्यावर गुंडाळलेला सायकलच्या ट्यूबचा तुकडा. एवढ्या भांडवलावर विशीतला एक पोरगा अडकलेली पाणबुडी मोटर सोडवायला उतरला होता. "पाणी पुरुषभरच आहे, घाबरायचं काय त्यात?" असं आपण काठावरून म्हणालात. आपल्या धीराला दंडवत! पाण्यात तो होता.

पुरुषभर पाण्याबद्दल आपले आभार मानावेत तेवढे थोडेच. नळीतून दाबाची हवा छातीत घेतली आणि घाबरून, श्वास रोखून माणूस वर उसळला, की ती हवा वर येता येता फुगते आणि फुफ्फुस फाटतं. त्याला चार फूट पाणीही पुरतं. हवेचा बुडबुडा रक्तातून मेंदूत गेला, की माणूस काठाला लागून कोसळतो. मग आपण सगळे हळहळतो, "चांगला पोहणारा होता हो!"

वीज गेली तरी हवा थांबू नये म्हणून आपण कंप्रेसर डिझेल इंजिनावर चालवता, केवढी ही काळजी! फक्त हवा ओढायचं तोंड धुराड्यापासून हातभरावर आहे. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही आणि रक्ताला तो ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट चिकटतो. पोराला गुदमरल्यासारखंही वाटणार नाही, नुसती गुंगी येईल. कंप्रेसरचं तेलही हवेबरोबर जातंच. टायरला ते चालतं, साहेब. फुफ्फुसाला चालत नाही.

शेततळ्यात डुंबणाऱ्या लहानग्यांनाही आपण विसरला नाहीत. त्यांना बिनयंत्राची लांब नळी सुचवलीत, तीही फुकट! 1 मीटर खोलीवर छातीच्या दर चौरस सेंटिमीटरवर पाण्याचा 100 ग्रॅम भार येतो. अख्ख्या छातीचा हिशेब आपणच करावा. छाती फुलत नाही, आणि लांब नळीत पोरांनीच सोडलेला श्वास पुन्हा आत येतो.

आपल्याच तालुक्यात खांडजला मार्च 2023 मध्ये शेणाच्या टाकीतल्या विषारी वायूने चार जण गेले. एकाला वाचवायला दुसरा उतरला, मग त्यांच्यामागे आणखी माणसं. आपल्या नळीवरचा पोरगा खाली निपचित पडला, तर त्याच्यामागे उडी कोण घेणार? त्याचा भाऊच ना? काठावर दुसरी नळी नव्हती, दोर नव्हता, उतरायचं शिक्षण घेतलेला एक माणूस नव्हता.

साहेब, आता मान राखून बोलणं जमत नाही. तो कंप्रेसर पंक्चरच्या दुकानात परत न्या. पोरं मारायचं यंत्र आहे ते.

आणि विहीरवाल्या शेतकरी बंधूंनो, मोटर अडकली तर चेनपुली लावून वरून ओढा. नाहीच निघाली, तर दुसऱ्या मोटरीने पाणी उपसा, चार दिवस थांबा. ऊस चार दिवस पाण्यावाचून राहील. पण कुणाचं पोरगं त्या नळीवर खाली सोडू नका.

आपला,
काठावर उभा असलेला एक शेतकरी