फुलपाड्याहून गाईंच्या बेटाकडे

'अस्पर्शित बेट' ही संज्ञा पर्यटनाच्या व्यवहारात ज्या अर्थाने वापरली जाते, तो अर्थ पाहता अस्पर्शित म्हणजे आपल्या ओळखीतले कोणी आपल्याआधी जिथे जाऊन आलेले नाही असे ठिकाण. तिथे पिढ्यानपिढ्या राहणारी माणसे या हिशेबात धरली जात नाहीत. ग्रीस देशात लहानमोठी सुमारे 6000 बेटे असून वस्ती त्यांतल्या जेमतेम सव्वादोनशेंवर आहे, त्यामुळे या व्याख्येत बसणारा माल त्या देशाकडे मुबलक आहे. परंतु विरार पूर्वेला फुलपाड्यात, पापडखिंड धरण आणि जीवदानीचा डोंगर यांच्या आसपास राहणाऱ्या आणि एका रविवारात बेटाची हौस फेडू पाहणाऱ्या गृहस्थाला एजियन समुद्रापर्यंत जाण्याचे कारण नाही, कारण वैतरणेच्या मुखाशी अर्नाळ्याचे बेट आहे.

या प्रवासातला खरा दुर्गम टप्पा समुद्राचा नसून विरार स्थानकाचा आहे, हे आधीच नमूद केले पाहिजे. फुलपाड्यातून निघणारी शेअर रिक्षा, म्हणजे मागे तिघे आणि पुढे चालकाच्या मांडीला मांडी लावून 'चौथी सीट' असे चार अनोळखी देह एका वळणावर एकाच बाजूला झुकतात ते वाहन, प्रवाशाला पूर्वेला सोडते; तिथून पादचारी पूल चढून पश्चिमेला उतरायचे, आणि नेमकी त्याच वेळी लोकल रिकामी झाली तर पुलावरचा लोंढा त्याला पुन्हा पूर्वेलाच आणून ठेवतो. ट्रॉयहून घरी परतायला ओडिसियसला 10 वर्षे लागली, याचे विरारकरांना फारसे आश्चर्य वाटत नाही.

पश्चिमेला बस मिळाली की मग बोळींज, आगाशी अशी गावे झरझर मागे पडतात. आगाशीला सुकेळी, म्हणजे राजेळी केळी उन्हात सुकवून केलेला तपकिरी, चिवट आणि मधासारखा गोड प्रकार, घेण्यासाठी उतरण्याचा मोह आवरावा. बस थांबत नाही आणि भरती तर मुळीच थांबत नाही.

किनारा आणि बेट यांच्यामधले पाणी होडीने पार करायला दहा मिनिटे पुरतात, पण होडी भरेपर्यंतचा वेळ कोणी मोजत नाही. बेटावरच्या बायका पाट्या, भाजीची पोती आणि क्वचित गॅसची टाकी घेऊन निर्विकारपणे बसतात, तर पर्यटक नवे बूट छातीशी धरून काठावर हात घट्ट आवळतो. अनेक वर्षे या बेटाची चढउतार गुडघाभर पाण्यातूनच झाली; छायाचित्रात त्याला साहस म्हणतात आणि बेटावर त्याला बाजाराला जाऊन येणे म्हणतात.

ग्रीक बेटांची कीर्ती मुख्यत्वे पांढऱ्या भिंती आणि निळे घुमट यांवर उभी आहे. अर्नाळ्याला घुमटांची उणीव निळी ताडपत्री समर्थपणे भरून काढते. तिकडे खाणावळीच्या दारात दोरीवर ऑक्टोपस वाळत घालतात आणि पर्यटक त्यांच्यापुढे उभे राहून भान हरपतात; इकडे वलांडीवर, म्हणजे बांबू रोवून त्यांवर बांधलेल्या आडव्या दोऱ्यांवर, बोंबील वाळत असतात. बोंबील हा अंगाने पाणचट मासा, पण त्याला टांगायला वेगळे साधन लागत नाही. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवले की जोडी दोरीच्या दोन्ही अंगांना लोंबकळते, आणि वाऱ्यावर अशा शेकडो जोड्या एकदम हलू लागल्या की तोंडात तोंड घालून चाललेली ती सभा फार गंभीर वाटते. एवढे दृश्य असूनही फुलपाड्याचा रसिक नाकाला रुमाल लावतो. आदल्या रविवारी त्याने सुक्या बोंबलाची चटणी दोनदा मागून घेतलेली असते, ही गोष्ट त्या क्षणी त्याला आठवत नाही.

पोर्तुगीजांनी या बेटाला 'गाईंचे बेट' असे नाव दिले होते. मराठ्यांनी ते 1737 साली, म्हणजे वसई पडण्याच्या दोन वर्षे आधी, घेतले आणि बाजीरावाच्या काळात किल्ला नव्याने उभा केला. महाद्वारावर हत्ती, वाघ आणि वेलबुट्टी कोरलेली असून त्यांच्या सोबतीला देवनागरी शिलालेख आहे. शिवाय अलीकडच्या प्रेमिकांनी खिळ्याने केलेले कोरीवकामही आहे, ज्यात घडणीपेक्षा घाई अधिक दिसते. आत त्र्यंबकेश्वराचे देऊळ, दर्गा आणि अष्टकोनी तळे आहे. चहूकडे खारे पाणी असताना या तळ्यात गोडे पाणी राहते, हे या किल्ल्याचे खरे वैभव. तरीही पर्यटक तिथे उभा राहून किनाऱ्यावरून विकत आणलेली बाटली उघडतो.

परतीच्या होडीची वाट पाहताना एखादी मावशी जवळा पसरता पसरता 'कुठनं आलात?' असे विचारते. आपण एका अज्ञात भूमीवरून आलो आहोत अशा थाटात गृहस्थ फुलपाड्याचे नाव घेतो. त्यावर ती हात न थांबवता सांगते, की धाकट्याने तिथेच फ्लॅट घेतला आहे, पाचव्या मजल्यावर, ती एकदा चार दिवस राहून आली. आणि मग सहानुभूतीने विचारते, 'लिफ्ट चालू झाली का हो तुमच्याकडे?'