नावेत पाणी

आसेगाव म्हटलं की लोक आधी विचारतात, कोणतं? रिसोडकडचं आसेगाव पेन नव्हे, आमचं मंगरूळपीर तालुक्यातलं. समुद्र बघायचा तर इथल्या माणसाला रात्रभर गाडीत बसावं लागतं. अशा गावात होळी झाली की एका अंगणात नाव उपडी घातली जाते आणि तिच्याभोवती एक सेवानिवृत्त मास्तर लुंगी खोचून फिरू लागतात. गाव त्यांना गळवाले सर म्हणतं.

हौशी गळवाल्यांची ही जात आमच्या जिल्ह्यात कुठेही भेटेल. अडाण, सोनल, एकबुर्जी, धरण कोणतंही असो. पोटासाठी जाळं टाकणारा भोई वेगळा. तो बोलत नाही, मासे धरतो. आमचे सर बोलतात.

सरांचे गळ कंपासपेटीत असतात. त्यातल्या कर्कटकाचं टोक त्यांनी तंगूसचा गुंता सोडवायला ठेवलंय. मोरपिसाच्या काडीचं तरंगणं, शिशाच्या गोळ्या, आणि जुन्या हजेरीपटाच्या कागदात हिंगाची पुडी. हिंग रोहूसाठी. कणीक आणि सरकीची ढेप एकत्र मळून त्यात हिंग घातला की रोहू अर्ध्या तळ्यातून वास काढत येतो म्हणे. आला की नाही, हे मात्र हजेरीपटावर नाही.

"कटला वरच्या पाण्यात, रोहू मधल्या, मृगल तळाशी," सर समजावतात. "वर्गातल्या बाकांसारखं. मागच्या बाकावरचा सगळ्यात चिवट." मग गाडी हमखास सोमेश्वरावर येते. कल्याणीच्या या चालुक्य राजाने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' लिहिला, त्यात गळाने मासे धरण्यावर 'मत्स्यविनोद' असं आख्खं प्रकरण आहे, कोणत्या माशाला काय आमिष लावायचं इथपर्यंत. "राजा होता तो! अन् तुम्ही मला रिकामटेकडा म्हणता." राजाच्या घरी माळकरी बायको नसावी. सरांच्या घरी आहे, त्यामुळे मासे रांधायची कढई गोठ्यात टांगलेली असते.

तलाव मच्छीमार संस्थेच्या ठेक्यावर. संस्थेचा अध्यक्ष सरांचाच विद्यार्थी, तरी सर दरवर्षी त्याला लेखी अर्ज देतात, खाली 'प्रत माहितीस्तव' सकट. तो वाचत नाही. "बसा ना सर गळ घेऊन. आमच्या माशाईले काई धोका नाई."

पण खरा जीव नावेत. ती सरांनी आजोबांच्या मोडक्या बंडीच्या सागवानी फळ्यांतून गावच्या सुताराकडून करून घेतली. सुताराने जन्मात तिफण नि दरवाजे केलेले. त्यामुळे नावेचं तोंड थोडं चौकटीसारखं आहे. फटी बुजवायला राळ, जवसाचं तेल आणि कापूस. कापूस घरचा, त्या एका बाबतीत वऱ्हाडी माणसाने कोकणाकडे हात पसरायचं कारण नाही. एप्रिलभर सर छिन्नीच्या पाठीने कापूस फटीत ठोकत असतात, दाताच्या डॉक्टरसारखे वाकून. एक फट बुजली की ऊन दुसरी उघडतं. त्रेचाळीस अंशात सागवानही तडकतं, मास्तर तर माणूसच.

मग त्यांना कुणीतरी सांगितलं, किंवा त्यांनी वाचलं, की लाकडी नाव पाण्यात घालण्याआधी भिजवावी. फळ्या फुगतात, फटी आपोआप मिटतात. हे खरं आहे. पण तेव्हा मे महिना होता आणि टँकर दोन दिवसांआड यायचा. भर दुपारी गाव झोपलेलं असताना सरांनी प्यायच्या पाण्याचे दोन ड्रम नावेत रिते केले. पाणी आधी थांबलं, मग फळीफळीतून गळून अंगणात पसरलं, त्यात शेजारच्या चार कोंबड्या आल्या. काकू दारात उभ्या राहिल्या.

"अवो, लोकं पान्यात नाव घालतेत. तुमी नावेत पानी घालून राह्यले?"

पुढचे दोन दिवस शेजारधर्म म्हणून आम्ही कळशा पोचवल्या.

पुण्याहून नातवंडं आली आणि नाव निघाली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत नाव, नावेत नातवंडं, पुढे ड्रायव्हरशेजारी मडगार्डवर कंपासपेटी मांडीवर घेतलेले सर. तलावावर पोचलो तर पाणी कुठे दिसेना. काठापासून शे-दीडशे पावलं भेगाळलेला गाळ, मधे जेसीबी घुरघुरतोय आणि शेतकरी 'गाळयुक्त शिवारा'साठी ट्रॉल्या भरताहेत. आमची ट्रॉली पाहून जेसीबीवाल्याने हात केला, "ट्रॉली रिकामी करा अन् लायनीत या!"

पलीकडे उरलेल्या डबक्यात एक भोई ट्रकच्या ट्यूबवर बसून आला. पिशवीत हातभर मरळ वळवळत होती. मरळ वरची हवा घेते, तिला डबकंही पुरतं. "सर, ट्यूबवर येता काय? एक चक्कर मारू." धाकटा नातू तयार होता. सरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. शाळेत त्या नजरेने आख्खा वर्ग बसायचा.

नाव गोठ्यात गेली. तिच्यात म्हशीला कुटार घालतात. खोली बरोबर आहे, तोंडही चौकटीचं असल्यामुळे म्हशीची मान अडत नाही.

जुलैत झड लागली. चार दिवसांत तलाव सांडव्याला टेकला, भिंतीवर गावचं पोर न् पोर. मी धावतच सरांकडे गेलो. "सर, पाणी आलं! काढा नाव!"

सरांनी चष्म्यातून पाहिलं, वर्गात मुलगा चुकल्यावर पाहायचे तसं.

"आता कशी काढता? शाळा सुरू झाल्या ना."