तलावाकाठचे एकदिवसीय अश्वभ्रमण : यवतमाळ जिल्ह्यासाठी नियोजनविचार

१. व्याख्या

कोठेही पोहोचण्याची निकड नसताना घोड्यावर बसून रमतगमत केलेल्या फेरीला अश्वभ्रमण म्हणावे. निकड असल्यास तीच क्रिया प्रवास ठरते आणि पुढे बँड असल्यास वरात. महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी घोडे, घोडेवाले आणि भाजलेली कणसे एकाच जागी मिळत असल्यामुळे तेथे नियोजनाचे कारण पडत नाही, आणि माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे घोड्यावर बसणे हा हौसेपेक्षा सोयीचा भाग असतो. यवतमाळ जिल्ह्यात तलाव आहेत, घोडे आहेत आणि हौसही आहे. परंतु ही तिन्ही एका दिवशी एका ठिकाणी आणणे हे स्वतंत्र शास्त्र असून प्रस्तुत विवेचन त्यापुरतेच मर्यादित आहे.

२. स्थलनिश्चिती

जिल्ह्याला जलाशयांची वाण नाही. बाभूळगाव तालुक्यात बेंबळा, दिग्रसजवळ अरुणावती, पुसदजवळ पूस आणि हिंगोलीच्या सीमेवर पैनगंगेचे पाणी अडवणारे इसापूर असे पर्याय असले, तरी नवशिक्याला यवतमाळ शहरालगतचे निळोणा सोयीचे पडते. मात्र निळोण्याचे पाणी शहर पिते, म्हणून त्यात घोडा धुण्याचा विचार मनातही आणू नये. २०१८ च्या उन्हाळ्यात निळोणा आणि चापडोह या दोन्ही तलावांनी तळ गाठला होता. अशा वर्षी तलावाकाठची वाट सरळ तलावातून नेता येते आणि अंतर वाचते खरे, पण घोड्याला दिवसाकाठी २५ ते ४० लिटर पाणी लागते आणि टँकरच्या रांगेत घागर घेऊन उभ्या असलेल्या नागरिकांसमोर ते मागण्यासाठी जे धैर्य लागते, ते अश्वारोहणाने अंगी येत नाही.

टिपेश्वरचा मोह टाळावा. १९९७ मध्ये घोषित झालेल्या १४८.६३ चौरस किलोमीटरच्या या अभयारण्यात परवानगी काढून वाहनातूनच फिरता येते, आणि नियमांत घोड्याला वाहन म्हणवून घेण्याचा युक्तिवाद एखाद्या वकिलाने यशस्वी केला, तरी वाघ त्याची गणना भोजनातच करतो.

३. कालनिश्चिती

जिल्ह्यात भाड्याने मिळणारा घोडा म्हणजे बहुतेक वेळा नवरदेवाची पांढरी घोडी असते. त्यामुळे सहलीचा दिवस हवामान खात्याच्या अंदाजावरून नव्हे, तर पंचांगावरून ठरवावा लागतो. ज्या दिवशी मुहूर्त असेल त्या दिवशी घोडी नसते, हा या शास्त्राचा पहिला सिद्धान्त होय. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंतच्या चातुर्मासात लग्ने नसतात व घोडी मोकळी असते. परंतु त्याच काळात कपाशीची काळी जमीन पावसाने अशी चिकट होते की खूर रुततात, आणि चिखल आटेपर्यंत नवरात्र येऊन ठेपते, ज्यात यवतमाळचा दुर्गोत्सव गाजत असल्यामुळे घोडी मिरवणुकीत अडकण्याचा संभव असतो. तुळशीचे लग्न लागले की माणसांची सुरू होतात, आणि संक्रांतीनंतरच्या हंगामाला एप्रिल-मे महिन्यांतील बेचाळीस अंशांपुढचे ऊन येऊन मिळते. या वजाबाकीतून डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंतचा धनुर्मास तेवढा उरतो. लग्नाला अशुभ मानलेला हा महिना सहलीला सर्वार्थाने शुभ होय : तलाव भरलेला, हवा थंड, हुरडा कोवळा आणि घोडी रिकामी.

४. घोडी व तिचे शिक्षण

मराठेशाहीत स्वतःचा घोडा आणणाऱ्या स्वाराला शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणाऱ्याला बारगीर म्हणत. आजचा सहलकरी बारगिरापेक्षाही खालच्या पायरीवर उभा असतो, कारण बारगिराच्या हाती निदान लगाम तरी असे. येथे तो घोडेवाल्याच्या हाती असतो व तो सोडण्याची त्याची तयारी नसते.

खोगिरासह एकूण भार घोड्याच्या वजनाच्या सुमारे एकपंचमांशाहून अधिक नसावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तीनशे किलोच्या घोडीने त्यानुसार साठ किलो वाहावेत. जेवलेला नवरदेव हा या दंडकाचा उघड भंग असला, तरी वरातीचे अंतर थोडे असल्याने तो खपून जातो. दिवसभराच्या फेरीत तो खपत नाही.

चढण्यापूर्वी तंग, म्हणजे खोगीर पोटाखालून आवळणारा पट्टा, दोनदा तपासावा. अनुभवी घोडी पट्टा आवळताना पोट फुगवून धरते आणि चार पावले चालल्यावर सोडते. तेव्हा थोडे चालवून तो पुन्हा आवळावा, पट्ट्याखाली दोन बोटे जेमतेम सरकतील इतपतच सैल ठेवावा, आणि मग डाव्या बाजूने रिकिबीत पाय घालून चढावे. हे न करणारा स्वार खोगिरावर पक्का बसलेला असूनही घोडीच्या पोटाखाली जातो.

साध्या चालीने घोडे तासाला सुमारे सहा किलोमीटर जाते. वरातीच्या घोडीची चाल मात्र तिच्यापुढे नाचणाऱ्या मित्रमंडळाने ठरवलेली असते, म्हणून चार माणसे घोळक्याने दिसली की ती थांबते, आणि धरणावर सहलीला आलेल्या कोणी ध्वनिक्षेपक लावला तर पाहुणे दमेपर्यंत हलत नाही. तिला टाच मारण्यापेक्षा गाणे बंद करण्याची विनंती करणे अधिक परिणामकारक ठरते.

वाटेत भेटणारा प्रत्येक शेतकरी सल्ला देईल. शंकरपट, म्हणजे सरळ पट्टीवर बैलजोड्या पळवण्याची वैदर्भी शर्यत, २०१४ च्या बंदीपासून २०२३ च्या परवानगी देणाऱ्या न्यायालयीन निकालापर्यंत ज्यांच्या रक्तात टिकून राहिली, त्या लोकांचा हा सल्ला कळकळीचा असतो. तो बैलासाठी असतो, एवढे लक्षात ठेवले म्हणजे झाले.

५. भोजन व हिशेब

दुपारी रोडगे, वांग्याचे भरीत आणि हुरडा यांची योजना करावी. घोडीला यातील काही देऊ नये, कारण घोड्याला ओकता येत नाही आणि पोटात गेलेला प्रत्येक आग्रह पोटशूळाच्या रूपाने घोडेवाल्याच्या गळ्यात पडतो. परतताना तोंड गोठ्याकडे वळले की घोडी न सांगता वेग धरते. सकाळपासून अपेक्षिलेली दौड ती हीच.

शेवटी भाड्याचा प्रश्न येतो. घोडेवाल्याकडे तासाचा दर नसतो, वरातीचा असतो. त्यामुळे दिवसभराची फेरीही एक वरात धरूनच आकारली जाते आणि घासाघीस केल्यास छत्री व झालर तेवढी वजा होते. पावती मागितल्यास तीवर नियोजकाच्या नावापुढे ‘वरात, नग १’ अशी नोंद होते. ती विवाहित नियोजकाने घरी पोहोचण्यापूर्वी दुरुस्त करून घ्यावी.