सव्वाबाराची सावली

नागपूरची माणसं उन्हाळ्याबद्दल तक्रार करतात असा बाहेरगावच्यांचा समज असतो. ती तक्रार नसते, बढाई असते. पुण्याची वहिनी फोनवर म्हणते, ‘‘अहो, आज अडतीस झालं इथे!’’ अशा वेळी आपण फक्त ‘‘हो का?’’ म्हणून थांबायचं. आकडा तिने विचारावा लागतो. तिने विचारला की मग आवाज न चढवता सांगायचं, ‘‘काही विशेष नाही, चव्वेचाळीस.’’ पलीकडच्या शांततेत जे समाधान असतं, ते संत्र्याच्या बर्फीतही नाही.

२३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं, हे आमच्या इमारतीत लग्नाच्या तारखांपेक्षा जास्त जणांना पाठ आहे. चंद्रपूर किंवा अकोला पुढे गेलं की त्या संध्याकाळी पार्किंगमधल्या गप्पांत जान नसते. मे २०२४ च्या शेवटी शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने चक्क ५६ अंश दाखवले. बातमी देशभर गेली, मोबाइल वाजत राहिले. नंतर हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. आमचे वॉचमनभाऊ तेव्हा इतके खट्टू झाले, की जणू कोणी मिळालेली बढती परत घेतली.

पण हे सगळं मे महिन्याचं. मला आवडतो तो त्याच्या आधीचा, होळीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंतचा उन्हाळा. ऊन अजून अंगावर आलेलं नसतं. मनीषनगर ओलांडून आमच्या बेसाकडे यावं, तर घोगलीच्या बाजूला रिकाम्या प्लॉटांवर अजून तग धरून असलेले पळस दिसतात. एखाद्या लेआउटच्या कमानीशेजारी, ‘प्लॉट विकणे आहे’च्या पाटीला टेकून, पानं झडलेला आणि फुलांनी पेटलेला. दर वर्षी वाटतं, पुढच्या वर्षी हा असणार नाही, इथे तीन मजले उभे असतील. कधी कधी तसंच होतं. कधी प्लॉटचा सौदा फिसकटतो आणि पळसाला एक वर्ष वाढवून मिळतं.

या दिवसांत बेसातल्या प्रत्येक घरात कुणाला ना कुणाला काहीतरी करायचं सुचतं. आमच्याकडे यांना कूलर सुचतो. हिवाळाभर प्लास्टिक गुंडाळून बाल्कनीत उभी असलेली ती लोखंडी पेटी मार्चमध्ये एका रविवारी उघडली जाते. तीन बाजूंच्या ताट्या काढायच्या, बोअरच्या पाण्याने त्यांच्यावर चढलेला पांढरा थर खरवडायचा, जुनं गवत फेकून नवं भरायचं, तळाच्या टाकीला रंग द्यायचा, पंप बादलीत सोडून तो पाणी उचलतो का ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम. पण त्याचा रविवार करायला कसब लागतं. यात सल्ले देणारे शेजारी येतात, त्यांना चहा लागतो. वाळ्याच्या ताट्या बऱ्या की गवताच्या, या प्रश्नावर आमच्या मजल्यावर दोन तट आहेत आणि त्यांच्यात समेट होण्याची चिन्हं नाहीत. मी वाळ्याच्या बाजूची, पण घरात ते बोलत नाही.

कूलर ही कोरड्या हवेची मिजास आहे. इथली एप्रिलची दुपार इतकी कोरडी असते, की ओल्या ताटीतून आत येणाऱ्या हवेतली उष्णता पाणी वाफ होता होता खाऊन टाकतं आणि खोली गार होते. खिडकी मात्र उघडी ठेवावी लागते. माझी डोंबिवलीची बहीण आली की ती पहिल्यांदा खिडक्या लावते, आणि मग तासाभराने म्हणते, ‘‘तुमच्या कूलरने चिकचिक होतं बाई.’’ यावर हे काही बोलत नाहीत. उठून खिडकी उघडतात आणि पुन्हा पेपर वाचायला लागतात.

माझा छंद गच्चीवरचा. आमचं जुनं घर नागपूरच्या महाल भागात. तिथे गल्ली इतकी अरुंद, की सूर्य दिसायचा तो समोरच्यांच्या दोरीवर वाळणाऱ्या कपड्यांमधून. निवृत्त झाल्यावर बेसाला आलो आणि आयुष्यात पहिल्यांदा अख्खं आभाळ वाट्याला आलं. त्याचं काय करायचं ते काही दिवस कळेना. मग शेजारच्या बांधकामावर मिस्त्री ओळंबा सोडून भिंत तपासत होते ते बघितलं आणि सुचलं. पडद्याचा जुना दांडा बरोबर एक मीटर वर उरेल असा रंगाच्या डब्यात सिमेंट ओतून उभा केला. मिस्त्रींनी ओळंबा लावून दिला. ‘‘काय कराचं आहे मॅडम याचं?’’ त्यांनी विचारलं. सावली मोजायची आहे म्हटल्यावर त्यांनी दांड्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मजुरी घेतली नाही.

मोजायचं ते भर मध्यान्हीला, सावली सगळ्यात आखूड असते तेव्हा. शाळेत शिकवतात की बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो. नागपुरात तो एवढा वक्तशीर नाही. घड्याळातले आपले बारा हे मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखांशाचे. आपण बसलेलो एकोणऐंशीच्या जवळ. एकेका अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्याला आपल्यापर्यंत यायला साडेतेरा मिनिटं उशीर होतो. त्यात पृथ्वीच्या चालीतली थोडी मागेपुढे असते ती वेगळी. मार्चअखेरीस बेसाची मध्यान्ह होते १२ वाजून १८-१९ मिनिटांनी, एप्रिलच्या मध्यावर १२ वाजून १४ ला, मेच्या मध्यावर १२ वाजून १० ला. हे कळल्यापासून आमच्याकडे जेवण सव्वाबारानंतर होतं. यांनी त्याला विरोध केला, पण सूर्याचं नाव पुढे केल्यावर माणूस किती वाद घालणार?

मीटरभर काठीची सावली २१ मार्चला साधारण ३८ सेंटिमीटर भरते. मग ती रोज हरभऱ्याच्या दाण्याएवढी कमी होत जाते. १४ एप्रिलला, खाली रस्त्यावर निळे झेंडे आणि मिरवणुकीचा आवाज असतो तेव्हा, ती २१ च्या आसपास येते. महाराष्ट्र दिनाला दहाच्या जरा वर. प्रत्येक टोकावर मी खडूने रेघ मारून तारीख घालते. आणि २६ मेच्या सुमारास सूर्य बरोबर बेसाच्या डोक्यावर येतो, काठी उभी असून सावली नाही. असं वर्षातून दोनदा होतं. दुसऱ्यांदा जुलैच्या मध्यावर, पण तेव्हा ढग असतात आणि सूर्य आला-गेला कोणाला कळत नाही. कर्कवृत्ताच्या पलीकडे, दिल्लीला, हे कधीच होत नाही. दिल्लीला एवढी एक गोष्ट नाही, याचं मला बरं वाटतं.

गच्चीवर मी एकटी नसते. नळीच्या टोकाशी पक्ष्यांसाठी मातीचं परळ ठेवलंय, तिथे बुलबुल आणि साळुंक्या भांडतात. समोरच्या कडुलिंबात तांबट बसलेला असतो. चिमणीहून थोडासाच मोठा, कपाळावर आणि छातीवर लाल. तो चोच न उघडता टुक टुक टुक करतो, मिनिटाला शंभराच्या वर, आणि दमत नाही. गळ्याचं कातडं तेवढं फुगतं. आवाज एका जागेवरून येतोय असं वाटतच नाही, कारण तो मान इकडे तिकडे फिरवत ओरडतो. ऊन जितकं कडक तितका याचा उत्साह जास्त. हाही नागपूरचाच.

भाची बंगळूरला असते. तिला हा प्रकार सांगितला तेव्हा ती हसली नाही, हे विशेष. म्हणाली, ‘‘मावशी, आमच्याकडे चोवीस एप्रिललाच सावली जाते.’’ ठरलं. त्या दिवशी तिने ऑफिसच्या पार्किंगमध्ये पाण्याची बाटली उभी केली आणि तिथल्या मध्यान्हीला, १२ वाजून १७ मिनिटांनी, मला फोन केला. ‘‘गेली!’’ ती ओरडली. माझ्याकडे पाच-सहा मिनिटांपूर्वीच मोजून झालं होतं: साडेचौदा सेंटिमीटर. म्हणजे काठी आणि सूर्यकिरण यांच्यातला कोन सव्वाआठ अंशांच्या जरा आत.

हा प्रयोग आमचा नव्हे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात इजिप्तमध्ये इरॅटोस्थेनिस नावाच्या ग्रंथपालाने हेच केलं होतं. दक्षिणेला, आजच्या अस्वानला, उत्तरायणाच्या टोकाच्या दिवशी सूर्य विहिरीच्या तळाशी दिसतो असं त्याने ऐकलं होतं. त्याच दिवशी अलेक्झांड्रियात सावलीचा कोन वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढा भरला. मग दोन गावांमधलं अंतर गुणिले पन्नास, झाला पृथ्वीचा घेर. ग्रंथपालांना दुपारी वेळ असतो, हे तेव्हापासूनचं आहे.

तर मी कागद घेऊन बसले. तीनशे साठ भागिले आठ पूर्णांक दोन, जवळजवळ चव्वेचाळीस. बंगळूरचं अंतर यांना विचारलं. हे ट्रॅव्हल्सच्या गाडीने जाऊन आलेले. ‘‘अकराशे,’’ म्हणाले, छातीठोक. गुणाकार केला तर पृथ्वी अठ्ठेचाळीस हजार किलोमीटरची निघाली. खरा घेर चाळीस हजार. पृथ्वी आठ हजार किलोमीटरने फुगलेली बघून मी पुन्हा कोन तपासला, काठी तपासली, ओळंबा लावला.

‘‘डायव्हर्शन धरले का तू?’’ यांनी पेपरातून विचारलं. ‘‘गाडी काय सरळ जाते का? हैदराबादवरून जाते, वळून जाते, जेवायला थांबते.’’

गाडी जेवायला थांबल्याने अंतर वाढत नाही, पण बाकीचं बरोबर होतं. नकाशावर पट्टी ठेवून निव्वळ उत्तर-दक्षिण अंतर काढलं तर नऊशेच्या आसपास भरतं. नऊशे गुणिले चव्वेचाळीस, एकोणचाळीस हजार सहाशे. पडद्याच्या दांड्याने काढलेल्या पृथ्वीला एवढी सूट द्यायला हरकत नाही. हे मात्र गुणाकार जुळल्यापासून ‘आम्ही पृथ्वी मोजली’ असं अनेकवचनात सांगतात.

या वाटेने आमच्या आधी एक जण येऊन गेलाय. विल्यम लॅम्ब्टन हा इंग्रज अधिकारी. १८०२ मध्ये मद्रासजवळ जमिनीवर साखळीने रेघ मोजून त्याने सुरुवात केली आणि त्रिकोणाला त्रिकोण जोडत दक्षिण टोकापासून उत्तरेकडे सरकत राहिला. पृथ्वीचा नेमका आकार काढायचा हा त्याचा छंद, सरकारी खर्चाने. कोन मोजायचं त्याचं यंत्र अर्ध्या टनाचं. आमचा रंगाचा डबा एका हाताने उचलता येतो. वीस वर्षं तो हे करत होता आणि हैदराबादहून नागपूरकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. पुढचं काम त्याच्या मदतनिसाने, जॉर्ज एव्हरेस्टने नेलं आणि जगातल्या सगळ्यात उंच शिखराला नाव एव्हरेस्टचं लागलं. लॅम्ब्टनच्या नावाने हिंगणघाटात थांबणारा प्रवासी मला अजून भेटलेला नाही. बेसाहून हिंगणघाट दीड-दोन तासांवर, आणि आम्ही तिथून शंभरदा तरी गेलो असू, दर वेळी चहासाठी थांबून. नागपुरातल्या झिरो माईलच्या खांबाजवळच्या घोड्यांपुढे फोटो काढणारे पुष्कळ असतात. तो खांबही त्याच मोजणीच्या खात्यातला, हे बहुतेकांना माहीत नसतं आणि घोड्यांना तर नसतंच.

एवढ्या मोठ्या परंपरेला आमच्या गच्चीवर एकच अडचण आहे: वाळवण. एप्रिल लागला की तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या साड्या अंथरल्या जातात. एकीवर कुरडया, दुसरीवर सरगुंडे, तिसरीवर मूगवड्या. माझ्या खडूच्या रेघा हळूहळू साड्यांखाली जातात. एकदा २० एप्रिलची सावली एका कुरडईवर पडली. तिथे रेघ कशी मारणार?

‘‘काय करून राहिल्या जी ताई तुम्ही रोज?’’ काकूंनी पहिल्यांदा विचारलं होतं.

‘‘सावली मोजून राहिली.’’

‘‘बाप्पा! काहून? कमी होऊन राहिली का?’’

‘‘हो नं. रोज.’’

काकूंनी रेघांकडे बघितलं, तारखा वाचल्या. त्यांना पटलं. दुसऱ्या दिवसापासून त्या साड्या अंथरताना रेघांच्या बाजूला वीतभर जागा सोडायला लागल्या, आणि वारं सुटलं की माझ्या डब्याचा उपयोग साडीचं टोक दाबायला व्हायला लागला. एवढी देवाणघेवाण असावीच लागते. मी खाली गेलेली असताना १२ वाजून १४ मिनिटांनी त्या आपण होऊन खडू ओढून ठेवतात आणि त्यांची रेघ माझ्यापेक्षा सरळ असते.

आता मे तोंडावर आलाय. कुरडया डब्यात गेल्या, तांबटाच्या पिलांचे आवाज यायला लागले आणि काकूंकडे भिवापूरहून मिरचीचं पोतं आलं. अख्खी गच्ची लाल व्हायची लक्षणं. मी त्यांना आधीच सांगून ठेवलं की २६ तारखेला दुपारी मला काठीभोवती मोकळी जागा लागेल, इमारतीतल्या पोरांनाही बोलावलंय, भाची व्हिडिओवर बघणार आहे.

‘‘त्या दिवशी काय होते?’’

‘‘सावली पडत नाही काकू. अजिबात नाही.’’

काकूंनी हातातली मिरची देठाशी मोडली, जरा विचार केला आणि म्हणाल्या, ‘‘सावलीच नाही पडत, तर मग जागा कायले पाहिजे जी? मी मिरच्या पार काठीच्या बुडाशी लागून टाकते.’’