गोवा, बॅगेसकट

पुण्याहून गोव्याला विमान तासाभरात पोचतं. तो तासभर केवढ्याला पडावा, हे ठरवायला आमच्या घरात गणपती ते दिवाळी एवढा काळ लागतो.

भाजीवालीशी घासाघीस करता येते, नाही पटलं तर चार पावलं पुढे जाऊन ती हाक मारते का हे बघता येतं. तिकिटाची वेबसाइट हाक मारत नाही. उलट आपण परत येईस्तोवर भाव वाढवून बसते. खरं तर विमानातल्या एकसारख्या खुर्च्यांचे भाव गटागटाने लावलेले असतात. स्वस्त गट संपला की त्याच्या वरचा उघडतो. पण आमच्या सोसायटीत हे कुणाला पटत नाही. आपण बघतोय हे ‘त्यांना’ कळतं, असंच सगळ्यांचं मत. म्हणून इनकॉग्निटोत बघायचं, मंगळवारी मध्यरात्री बघायचं, आणि बघताना फार उत्सुक दिसायचं नाही.

एक युक्ती मात्र खरी निघाली. चौघांची तिकिटं एकदम शोधली आणि स्वस्त गटात तीनच जागा उरल्या असल्या, तर चौघांनाही वरचा भाव दाखवतात. तेव्हा आधी तिघांची काढायची, मग एकाचं वेगळं. तो एक कोण, यावरून आमच्याकडे जेवणं थंड झाली आहेत. ‘‘अहो, तुम्हीच या मागून,’’ हे बायकोने जरा जास्तच पटकन सुचवलं.

त्यात गोव्याला विमानतळ दोन. जुनं दाबोळी नौदलाचं, आणि निघायचं ते लोहगाव हवाई दलाचं. म्हणजे पुणेकराच्या सुट्टीवर दोन सैन्यदलांची नजर. भूदलाने तेवढं सोडलंय. २०२३च्या जानेवारीत मोपा सुरू झालं. ते गोव्याच्या उत्तर टोकाला, पेडणे तालुक्यात. सावंतवाडीकरांना ते घरचंच वाटत असणार. स्क्रीनवर नुसतं ‘गोवा’ लिहिलेलं असतं आणि भाव पाहून माणूस हरखतो. मुक्काम कोलव्याला असेल तर मोपाहून जवळजवळ आख्खा गोवा उभा कापत जायचं, आणि टॅक्सीवाला सांगतो तो आकडा ऐकून विमान किती स्वस्त होतं हे नव्याने कळतं. कदंबाच्या बस आहेत, चांगल्या आहेत. पण विमानाने आल्यावर बसने कसं जायचं, असं ज्यांना वाटतं त्यांच्याबरोबरच मी प्रवास करतो.

शिवाय दाखवलेला भाव हा नुसता नमस्कार. पुढे सीटचे पैसे, कन्व्हिनियन्स फी (कुणाचा कन्व्हिनियन्स, हे विचारू नये), उपम्याचे पैसे. हातातल्या बॅगेला ७ किलो. आमच्याकडे बॅग स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवली, तर काटाच दिसेना. मग बायको बॅग घेऊन बाथरूममधल्या काट्यावर उभी राहिली आणि आकडा मला बघू देईना. वजाबाकी तिने मनातच केली.

शेवटी खरोखर स्वस्त तिकीट सापडलं. जुलैचं! जुलैअखेरपर्यंत ट्रॉलरना मासेमारीबंदी, किनाऱ्यावरचे शॅक मोडून ठेवलेले, आणि समुद्रात उतरू नका म्हणून लाल बावटे. थोडक्यात गोवा बंद असताना गोवा परवडतो. तरी काढलं. पावसात गोवा किती हिरवा असतो, हे आम्ही एकमेकांना इतक्या वेळा सांगितलं की आईलाही शंका आली.

राहता राहिला मेहुणा. प्रत्येक घरात एक माणूस असतो, ज्याला आपल्यापेक्षा स्वस्तात मिळालेलं असतं. आमच्याकडे तो हा. आणि पुणेकर स्वस्त तिकीट काढतो ते निम्मं जाण्यासाठी, निम्मं सांगण्यासाठी. फोन केला, जमेल तितक्या सहज आवाजात आकडा सांगितला.

पलीकडे शांतता. मग म्हणाला, ‘‘भाऊजी, बॅगेसकट?’’

‘‘सकट,’’ मी म्हणालो. बॅगेचे पैसे मी धरले नव्हते. तोही आजवर धरत नसणार.