पेशकारसाहेबांचा मुक्काम

तीर्थयात्रेचे पुण्य स्नानात असते, दर्शनात असते की अन्नदानात, याविषयी शास्त्रकारांत खुशाल मतभेद असोत. आमच्या चितेगावच्या पेशकारसाहेबांच्या मते ते लॉजच्या खोलीची पाहणी करण्यात असते, आणि या मताला ते इतक्या निष्ठेने जागत आले आहेत की देवळाच्या रांगेत चार तास निमूटपणे उभा राहणारा हा गृहस्थ खोलीची किल्ली मात्र तपासणीवाचून कधी हाती घेत नाही.

वास्तविक 'पेशकार' हा हुद्दा आमच्या तहसिलीतून केव्हाच गेला. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली, तिच्यामागोमाग पेशकारही गेले. पण आमच्या मुलखात हुद्दा गेला तरी हाक जात नाही. यांचे वडील त्या अमदानीत पेशकार होते, हे स्वतः महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आणि तरीही बापाची पदवी वतनासारखी त्यांच्या नावे चालू राहिली. नमुना सात-बारा, फेरफार, जमाबंदी आणि आणेवारी यांत ज्याची छत्तीस वर्षे गेली, त्या माणसाला जगातील कोणतीही वस्तू प्रथम मोजावीशी आणि मग तिच्यावर शेरा मारावासा वाटला, तर तो त्याचा दोष नव्हे.

चितेगाव हे पैठण तालुक्यातले, संभाजीनगराहून पैठणला जाणाऱ्या सडकेवरचे गाव. व्हिडिओकॉनचा कारखाना येथे उभा राहिल्यापासून 'चौदाव्या किलोमीटरचा दगड' म्हणून त्याचा पत्ता मोठमोठ्या कागदपत्रांवर छापून गेला, एवढीच त्याची बाहेरच्या जगाशी ओळख. पुढे बिडकीन लागते, ढोरकीन लागते, आणि फार तर तासाभरात एस.टी. पैठणच्या स्थानकात शिरते. सकाळी चहा घेऊन निघालेला माणूस नाथांच्या समाधीवर डोके ठेवून, येताना नाथसागराचे पाणी किती चढले आहे ते पाहून, दुपारच्या भाकरीला घरी असतो. आणि सारे गाव तसेच करते. पेशकारसाहेब तसे करीत नाहीत. क्षेत्री जाऊन रात्र न काढणे म्हणजे कचेरीत जाऊन हजेरीपटावर सही न करण्यासारखे आहे, असा त्यांचा सिद्धान्त. म्हणून दर साल फाल्गुन वद्य षष्ठीला, म्हणजे नाथषष्ठीला, ते आणि काकू पैठणास मुक्कामी जातात, आणि पंच म्हणून मला बरोबर नेतात.

नाथषष्ठी म्हणजे पैठणचा सगळ्यांत मोठा दिवस. १५९९ साली याच तिथीला एकनाथांनी गोदावरीत देह ठेवला. त्या निमित्ताने गावोगावच्या दिंड्या येतात, मठ भरतात, राहुट्या पडतात, गोदेच्या वाळवंटात चुली पेटतात, आणि ज्यांना तीन दगडांची चूल व वर आभाळ पुरते, ते वारकरी त्या दोन-तीन रात्री कोणाच्याही मेहेरबानीवाचून सुखाने काढतात. खोली शोधीत हिंडावे लागते ते आमच्यासारख्यांना. अशा गर्दीत पेशकारसाहेब आगाऊ रक्कम भरीत नाहीत. कारण रक्कम भरली की तपासणीचा अधिकार बुडतो. आश्चर्य असे की बसस्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावरील एका लॉजचा मॅनेजर दुसऱ्या मजल्यावरची एक खोली त्यांच्यासाठी चार दिवस अडवून ठेवतो. तो हे भीतीपोटी करतो की प्रीतीपोटी, याचा उलगडा मला अद्याप झालेला नाही.

कार्यवाहीला आरंभ होतो तो नोंदवहीपासून. इतर प्रवासी 'येण्याचे कारण' या रकान्यात 'देवदर्शन' असे फरफटलेले अक्षर काढून मोकळे होतात. पेशकारसाहेब चष्मा पुसतात, मागची पाने उलटून आपली गतवर्षीची नोंद शोधतात, त्र्यंबकेश्वरी क्षेत्रोपाध्यायाच्या वहीत पणजोबांची सही सापडावी तशा भक्तिभावाने तिच्यावर बोट ठेवतात, आणि मग लिहितात : 'श्रीनाथषष्ठीनिमित्त, सपत्नीक, मुक्काम तात्पुरता.' आधार कार्डाची छायाप्रत देताना तिच्यावर आडवी रेघ मारून 'केवळ एका रात्रीच्या निवासाकरिता' असा शेरा आणि खाली तारीख. हे सारे होईपर्यंत मागे उभी असलेली जालन्याकडची एक मंडळी दुसरे लॉज गाठून, हातपाय धुऊन, दर्शनाला निघालेलीही असते.

खोलीत ते उजवे पाऊल आधी टाकतात आणि दिवा लावण्याची आज्ञा करतात. बटणांच्या फळीवर आठ बटणे. पैकी तिघांना काम, चौघांना निवृत्तिवेतन, आणि उरलेल्या एकाने बाहेरच्या जिन्यातला दिवा विझतो, त्यासरशी जिन्यावरून कोणीतरी 'अरे, कोण आहे रे?' म्हणून ओरडते. नळ सोडला की तो आधी खोकतो, मग तांबूस थुंकतो, मग पाणी देतो. गिझरवरचा लाल दिवा तेवढा निष्ठेने पेटतो. त्याचा पाण्याच्या उष्णतेशी काही संबंध असल्याचे गेल्या तीन वर्षांत आढळून आलेले नाही. गादीवर मूठ दाबली असता खड्डा पडतो तो पडतोच. चादर मात्र धुतलेली, कडक. पण तिचा कोपरा उलटून पाहावा तो त्यावर भलत्याच लॉजचे नाव छापलेले, आणि ते लॉज शिर्डीचे.

"मॅनेजरसाहेब, ही चादर शिर्डीहून पैठणला कशी आली?"

"मेहुण्याची हाय, साहेब. त्याच्याकडं जास्त झाल्या होत्या."

"म्हणजे फेरफार झाला. त्याची नोंद?"

मॅनेजर उत्तर देत नाही. दर साल हा प्रश्न होतो आणि दर साल तो असाच गप्प राहतो. पंच म्हणून मीही गप्प राहतो.

परंतु खरी पाहणी आरशापाशी होते. धर्मक्षेत्रीच्या कोणत्याही स्वस्त खोलीतला आरसा तुम्ही नीट पाहिला असेल, तर त्याच्या कडेला टिकल्या चिकटवलेल्या तुम्हाला दिसल्या असतील. कोणी तोंड धुताना काढून लावली, कोणी निजताना, आणि सकाळी दर्शनाच्या घाईत ती तेथेच राहिली : मरून, हिरवी, काळी नागमोडी, मधोमध खडा असलेली. आम्हाला हा कचरा वाटतो. पेशकारसाहेबांना तो दस्तऐवज वाटतो. त्यांनी गेल्या खेपेस एकूण अकरा टिकल्या मोजल्या, त्यांपैकी दोन एकाच पाकिटातल्या म्हणजे एकाच कुटुंबातल्या असाव्यात असा तर्क केला, आणि खोली अमुक दिवसांत पुसलेली नाही असे अनुमान काढून ते वहीत उतरवले. काकू तोपर्यंत पिशवीतून आपली चादर काढून शिर्डीच्या चादरीवर अंथरून, उशाला शाल घेऊन, आडव्या झालेल्या होत्या.

"झाली का जमाबंदी?" त्यांनी डोळे मिटूनच विचारले. "पहाटे उठायचंय नाथाला."

जमाबंदी झालेली नव्हती. कारण कायदा अजून पिशवीत होता. पेशकारसाहेबांपाशी १८६७ सालच्या सराई कायद्याची एक प्रत असते, तीही प्लास्टिकात बंद केलेली, जणू रेशनकार्डच. या कायद्याने सराईवाल्यावर बरीच कर्तव्ये लादली आहेत : खोल्या, पडव्या आणि मोऱ्या स्वच्छ ठेवाव्यात, विहिरी व तळी साफ ठेवावीत, पहारेकरी नेमावेत, दरपत्रक लावावे, आणि ज्या झाडांवरून अथवा फांद्यांवरून चोरांना सराईत येण्याजाण्याची सोय होईल, ती झाडे व त्या फांद्या काढून टाकाव्यात. इंग्रज अंमलदाराला चोराच्या वाटेचा एवढा बारकाईने विचार सुचला, याचे पेशकारसाहेबांना परम कौतुक. खोलीच्या खिडकीबाहेर एक कडुनिंब आहे आणि त्याची एक फांदी खिडकीपासून दोन-अडीच हातांवर झुलते. तिच्याकडे बोट दाखवून त्यांनी मॅनेजरला ते कलम वाचून दाखविले.

"साहेब, झाडाला कलम करतात हे ठाऊक होतं," मॅनेजर म्हणाला, "फांदीला कलम लागतं हे आज कळलं. पण दुसऱ्या मजल्यावर चोर आला, तरी नेईल काय? तुमची पिशवी?"

"प्रश्न पिशवीचा नाही, शिस्तीचा आहे. दंड किती आहे, ठाऊक आहे? वीस रुपयांपर्यंत! शिवाय कसूर चालू राहिली तर रोजी एक रुपया!"

हा आकडा त्यांनी ज्या आवाजात उच्चारला, तो आवाज १८६७ सालीच शोभला असता. मॅनेजर मान डोलवून निघून गेला, आणि जाताना त्याने दार ओढून घेतले, ते अर्थातच पूर्ण लागले नाही.

अशा माणसाला कोठे सुख लाभत असेल, असे वाचकांना वाटेल. कोठे लाभत नाही, ते मी सांगू शकतो : शेगावी. गजानन महाराज संस्थानाच्या भक्तनिवासात आम्ही एकदा उतरलो होतो. फरशी आरशासारखी, मोरी कोरडी, सेवाधारी 'माउली' म्हणून हात जोडतो आणि आपल्या कामाला लागतो. पेशकारसाहेबांनी खाटेखाली वाकून पाहिले, खिडकीच्या गजांवरून बोट फिरवले, बोट डोळ्यांसमोर धरले, आणि ते स्वच्छ पाहून असे काही उदास झाले की दोन दिवसांचा बेत असता दुसऱ्याच सकाळी त्यांनी परतीची गाडी विचारली. "व्यवस्था उत्तम आहे," एवढेच ते म्हणाले. पण तबादल्याचा हुकूम हाती पडलेला कारकून जसे म्हणतो तसे. तुळजापुरी ते पुजाऱ्याच्या घरी उतरतात. तेथे पाहणीस भरपूर वाव, पण पुजारी दोन पिढ्यांचा, वयोवृद्ध, आणि त्याची बायको आग्रहाने वाढणारी, तेव्हा शेरा लिहावयाचा कसा? म्हणून सर्व तीर्थांत पैठण हेच त्यांच्या प्रकृतीला मानवते.

माझ्या व त्यांच्या खोलीमध्ये प्लायवूडची भिंत असल्यामुळे रात्रीचे वर्तमान मला ऐकूनच कळते. खाली रस्त्याने दिंड्या चाललेल्या असतात, टाळ-मृदंग थांबतो तो दुसरा सुरू होण्यापुरताच, आणि या गजरात मी कूस बदलीत पडलेला असतो. पेशकारसाहेब मात्र, ज्या गादीवर तासभर ताशेरे ओढले, तिच्यावरच, पाठ टेकताक्षणी घोरू लागतात. आणि ते घोरणे नियमित, विरामचिन्हांसह, एखाद्या अहवालासारखे असते.

गेल्या षष्ठीला पहाटे चार वाजता गिझरने नेहमीप्रमाणे नुसताच दिवा दाखविला. मागच्या अंगणात बंब पेटवलेला होता, आणि बारा-तेरा वर्षांचे वाटावे असे एक पोरगे, मॅनेजरचाच पुतण्या, सुट्टीत आलेला, एकेक बादली घेऊन दोन मजले चढत होते. त्याच वेळी नाथांच्या वाड्यात तो प्रसिद्ध रांजण भरून झालेला असतो. श्रीखंड्या होऊन देवाने नाथांघरी बारा वर्षे पाणी वाहिले अशी श्रद्धा आहे. तुकाराम बीजेपासून लोक त्या रांजणात घागरी ओततात, आणि ज्याच्या घागरीने तो काठोकाठ भरून वाहू लागतो, त्याच्या रूपाने देव आला असे मानतात. पेशकारसाहेबांना ही कथा तोंडपाठ आहे, पण ती त्यांना त्या घटकेला आठवली असेल असे मी म्हणणार नाही. ते दार उघडून जिन्यात आले, आणि मी माझ्या दाराच्या फटीतून पाहत होतो.

"पोरा, ही कितवी?"

"मोजली न्हाई जी."

"मोजावी." असे म्हणून त्यांनी त्याच्या हातातून बादली घेतली आणि पुढच्या वीसेक पायऱ्या, धोतराचा सोगा दातांत धरून, स्वतः चढवली. मी पाहतो आहे असे ध्यानात येताच म्हणाले, "पाणी पूर्ण भरतात की नाही, ते वजनावरून कळतं." त्यानंतरच्या दोन बादल्याही त्यांनी याच कारणासाठी तपासल्या. तिसरी माझ्या दाराशी ठेवली.

स्नान करून खोलीत गेले, तो आतून मोठ्याने हाक आली. मी धावलो. पेशकारसाहेब आरशासमोर ओल्या पंच्याने उभे होते.

"बारा!" ते म्हणाले. "रात्री अकरा होत्या. खोली आतून बंद होती. फांदी बाहेर आहे. मी म्हणत नव्हतो?"

काकू पदर खोचीत पुढे आल्या, आरशावरची एक लहान मरून टिकली नखाने काढली, आपल्या कपाळावर लावली, आणि कोणालाही काही न बोलता देवाच्या पिशवीत नारळ ठेवू लागल्या.

दर्शन झाले. रांगेत साडेतीन तास गेले, त्याबद्दल पेशकारसाहेबांनी ब्रही काढला नाही. दुपारी हिशेबाला बसलो तेव्हा मॅनेजरने पावती पुढे सरकविली. खोलीचे भाडे ठरल्याप्रमाणे, पाण्याच्या बादल्यांचे काही नाही, आणि खाली वेगळ्या शाईने एक ओळ : 'वजा रु. २०'.

"हे काय?"

"दंड, साहेब. फांदीचा." मॅनेजर अगदी गंभीर होता. "फांदी काही मला तोडवत नाही, उन्हाळ्यात तीच सावली देते. म्हटलं, दंड भरून टाकावा."

छत्तीस वर्षांच्या नोकरीत ज्याला कोणी निरुत्तर केले नव्हते, तो माणूस ती विसाची नोट हातात धरून कितीतरी वेळ नुसता उभा राहिला. घेतली तर वसुली स्वतःच्या खिशात गेली, हा सरळसरळ अपहार. परत करावी तर गुन्ह्याला माफी देण्याचा अधिकार अव्वल कारकुनाला नाही. एस.टी.त बसल्यावर ढोरकीनपर्यंत ते याच विवंचनेत होते. बिडकीनला त्यांनी मला विचारले की हे कोणत्या लेखाशीर्षाखाली घालता येईल, आणि मला सांगता आले नाही. काकू खिडकीशी डोके टेकून झोपल्या होत्या. कपाळावरची टिकली घामाने जराशी सरकली होती.

ती नोट अजून त्यांच्या वहीत, त्याच पानावर, टाचणीने लावलेली आहे. शेजारी लिहिले आहे : 'सरकारजमा करणे बाकी. पुढील षष्ठीस समक्ष चौकशी.'