विग्रह सांगा!

कोडेकाकांना कोड्याचं उत्तर सांगू नये. चुकीचं सांगितलंत तर त्यांना आनंद होतो, बरोबर सांगितलंत तर ते चष्मा कपाळावर चढवून विचारतात, "विग्रह?" दहावीच्या मराठीच्या पेपरनंतर आपल्याकडे कुणी विग्रह मागितलेला नसतो. "सुचलं हो," म्हणावं, तर "सुचतं ते कवींना!"

हा इसम ठाण्या-डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीत सापडतो. बँकेतून निवृत्त, शुगर काठावर, खिशाला बॉलपेन. पेन्सिलीने कोडं सोडवणाऱ्याला ते माणसात धरत नाहीत. 'चार अक्षरी नदी' छापाच्या कोड्यांना ते 'तलाठी परीक्षा' म्हणतात. त्यांचं घराणं क्रिप्टिकचं, म्हणजे शब्द फोडून सोडवायच्या कोड्यांचं, आणि घराणं म्हटलं की गुरुपरंपरा आलीच. लंडनच्या 'ऑब्झर्व्हर'मध्ये १९२६पासून कोडी घालणारा टॉर्केमाडा, त्याच्यामागून झिमेनिस, मग १९७२पासून एझेड. तिघांनीही टोपणनावं घेतली ती छळासाठी कुप्रसिद्ध असलेल्या स्पॅनिश इन्क्विझिशनच्या प्रमुखांची. शेवटच्याने तर डेझा या नावाची इंग्रजी अक्षरं उलटी करून. काका हे अभिमानाने सांगतात. काकू आतून म्हणतात, "परंपरा चालू आहे."

यंदा गणपतीत समोरच्या विंगमधल्या निवृत्त बाईंनी लोकलच्या स्टेशनांवर क्रिप्टिक कोडं घातलं आणि लिफ्टजवळच्या फलकावर लावलं. काकांनी ते उभ्या उभ्या सोडवलं. खरा कार्यक्रम त्यानंतर.

"'नकारानंतर उरली निम्मी हुरहूर, तरी गाडी थांबते.' तीन अक्षरं. बोल!"

"नाहूर," दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजातला मुलगा म्हणाला.

"विग्रह?"

"रोज तिथेच उतरतो, काका."

काकांचा चेहरा पडला. मग बॉलपेन निघालं. "क्लूच्या एका टोकाला अर्थ असतो, बाकी सगळी कारागिरी. 'गाडी थांबते' हा अर्थ. नकार म्हणजे ना. आता हुरहूर मोड. पहिला हुर ऱ्हस्व, दुसरा हूर दीर्घ. आपल्याला कुठला हवा? दुसरा! ना अधिक हूर."

"म्हणजे नाहूरच ना?"

"नाहूर काय, इंडिकेटरवरसुद्धा लिहिलेलं असतं!"

तोवर लिफ्ट येऊन गेली होती. पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या जोशीवहिनी आयत्याच सापडल्या. "'कौतुकानंतर रस्त्याच्या तोंडाशी जिना.' कौतुक म्हणजे दाद, रस्त्याचं तोंड म्हणजे र. आणि दादर म्हणजे लाकडी जिना, जुना शब्द आहे." वहिनींनी जिना हा शब्द ऐकला आणि तोच धरला.

'आणि मैत्रीण, पश्चिम मार्गावर' हा क्लू मात्र काकांनी मैफलीतली जागा ऐकवावी तसा पुन्हा पुन्हा घोळवला. आणि म्हणजे व, मैत्रीण म्हणजे सई. (खरं सांगायचं तर इतक्या कमी त्रासात मी वसईला कधी पोचलो नव्हतो.) कळवा आणि कोपर यांना त्यांनी 'दुहेरी अर्थ, बालवर्ग' म्हणून झटकून टाकलं. भांडण लागलं ते मालाडवर. 'आईकडून होणारे, पश्चिमेला': मा अधिक लाड. "मा हिंदी आहे! हिंदी घ्यायचं तर क्लूमध्ये तसा इशारा पाहिजे. झिमेनिसने हे चालवून घेतलं नसतं." दहिसरला ते आणखी तापले. दही अधिक मास्तर, म्हणजे सर. "दहीवड्यातलं दही दीर्घ आणि दहिसरातलं ऱ्हस्व? कोडं आहे की उडप्याचं मेन्यूकार्ड?" बाईंनी गॅलरीतूनच उत्तर दिलं की रेल्वेची पाटी त्यांनी रंगवलेली नाही.

विसर्जनाच्या आदल्या दिवशी बक्षिसं जाहीर झाली. पहिलं त्या नाहूरच्या मुलाला. त्याने रेल्वेचा नकाशा समोर ठेवून अक्षरं मोजत चौकटी भरल्या होत्या. काकांचं नाव उत्तेजनार्थमध्येही नव्हतं. काका तडक सेक्रेटरींकडे. त्यांनी फाईल उघडून दाखवली. काकांच्या प्रवेशिकेला फुलस्केपची पुरवणी जोडलेली होती: प्रत्येक क्लूची फोड, समास, ऱ्हस्व-दीर्घाच्या तक्रारी, तळटिपा. कोड्याच्या चौकटी सगळ्या कोऱ्या होत्या.

"यात उत्तरं कुठे आहेत, काका?"

"उत्तरं काय," काका म्हणाले, "कुणीही लिहील!"